बेचाळिसावा खण

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पेटी म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर दागिने येतील, पत्रांचा गठ्ठा येईल, निदान एखादे कुलूप तरी येईल. माझ्याकडे यातले काहीच नाही. माझ्या पोटात माती आहे. अठ्ठेचाळीस खण आणि त्यांत माती, वाळू, खडे. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या. दूर उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या एका गावाचा दवाखाना उठून जायची वेळ आली होती आणि त्याचे कारण माझ्या एका खणात एकोणीस वर्षे पडून होते. खणात काय आहे ते मला ठाऊक होते, पण पेटीला तोंड कुठे असते?

मी एका मोडक्या दरवाजाच्या फळ्यांतून तयार झाले. विहिरींसाठी मशीनने जमिनीत खोल भोके पाडणारा एक कारागीर होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. त्यानेच फळ्या कापल्या, आत पट्ट्या ठोकल्या आणि सहा ओळींत आठ-आठ खण पाडले. एका खणात एक मीटर, असा हिशेब. मशीन जमिनीत एक मीटर उतरले की वर येणारा चिखल उस्ताद चाळणीत धरत, पाण्याने धूत आणि उरलेली मूठभर वाळू किंवा कपच्या माझ्या पुढच्या खणात ठेवत. नुसती चिकणमाती आली तर तिचा गोळा ठेवत. कडेला पेन्सिलने आकडा घालत. "धुतल्याशिवाय दगडाचा चेहरा कळत नाही," असे ते बरोबरच्या माणसांना दहा वेळा सांगत. एक विहीर पुरी झाली की मला रिकामी करत, पुसत आणि पुढच्या कामाला नेत. मी अशा तेवीस विहिरी पोटात घेतल्या आणि परत केल्या. माझ्याइतकी जमीन क्वचितच कुणी पाहिली असेल.

उस्तादांचा कान फार तयार होता. हातोडीच्या दांड्याचे एक टोक फिरत्या लोखंडी रॉडला लावायचे, दुसरे कानाला, आणि डोळे मिटून उभे राहायचे. "वाळू." "आता चिकणमाती." "खडक लागला." नमुना वर यायच्या आधीच ते सांगत आणि तसेच निघे. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. लोक कौतुकाने त्यांना कानवाले उस्ताद म्हणू लागले आणि उस्तादांनाही ते नाव आवडू लागले. तिथेच थोडी गडबड झाली, असे मला वाटते.

एकोणीस वर्षांपूर्वी गावाने पाणी शोधायला एक खोल भोक पाडून घ्यायचे ठरवले. जागा होती दवाखान्याशेजारच्या लाँड्रीच्या मागचे अंगण. आठ मीटरपर्यंत वाळू निघाली. मग करडी, चिवट चिकणमाती, तिच्यात मधेमधे गोटे. खणामागून खण तीच माती. बरोबरची माणसे कंटाळली, मीही कंटाळले. एक्केचाळीस मीटरवर मशीन थरथरले. उस्तादांनी दांडा कानाला लावला आणि म्हणाले, "खडक. संपलं."

एक मीटर कसाबसा खोदला गेला. बिटची, म्हणजे रॉडच्या टोकाला खडक कापणाऱ्या पात्याची, धार गेली होती. वर आलेल्या कपच्या करड्या चिखलाने माखलेल्या होत्या. त्या धुवायला हव्या होत्या, पण ड्रममधले पाणी संपले होते. नळ लाँड्रीच्या दारात, पन्नास पावलांवर. उस्तादांनी नळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "खडक तो खडक. त्याला काय धुवायचं?" मग त्यांनी ती मूठ तशीच माझ्या बेचाळिसाव्या खणात टाकली. त्या भागातला खडक म्हणजे करडा पाटीचा दगड. चिखल वाळून कपच्याही करड्या दिसू लागल्या. कुणाला शंका यायचे कारणच नव्हते. उस्तादांनी गावाच्या कागदावर लिहिले: बेचाळीस मीटर, खडक, पाणी नाही. भोक बुजवले गेले आणि त्यानंतर गावाने खोल पाणी शोधायचा विषयच सोडून दिला.

गावाच्या कामाचे नमुने दहा वर्षे जपून ठेवायचे, असा नियम होता. म्हणून मला रिकामी न करता उस्तादांच्या घरामागच्या खोलीत फळीवर ठेवले. दहा वर्षे झाली, पंधरा झाली. उस्तादांचे गुडघे गेले, त्यांनी काम सोडले, मशीन त्यांची लेक चालवू लागली. मला सगळे विसरले.

सगळे म्हणजे उस्तादांची बहीण सोडून. घरात तिला सगळे आत्याच म्हणत. आत्या कपडे शिवे. तिला रिकामी जागा बघवत नसे आणि भरलेली त्याहून बघवत नसे. एक दिवस ती खोली आवरायला आली आणि माझे झाकण उघडताच तिचा चेहरा उजळला. "अगं बाई, किती छान खण! बटणं ठेवायला अगदी बेतलेले!" तिने मला अंगणात नेले आणि पहिली ओळ फटक्यात झाडाखाली ओतली. पांढरी बटणे, काळी बटणे, शिंपल्याची, पितळेची. मित्रांनो, माझे पहिले आठ मीटर असे बटणांत गेले. ती दुसऱ्या ओळीला हात घालणार तोच उस्ताद काठी टेकत बाहेर आले.

"काय करतेस हे?"

"माती काढतेय."

"ती माती नाही, काम आहे माझं!"

"दादा, माती ती माती. तुझ्या कामाला कोंब फुटणारेत का आता?"

तरी तिने हात आवरला. बटणे मात्र राहिली, कारण ती एकदा लावलेली गोष्ट हलवत नसे. त्या दिवशी उस्तादांनी मला वाचवले. आपण काय वाचवतो आहोत हे त्यांना माहीत नव्हते.

पुढे पाण्याचे दिवस फिरले. गावातल्या साऱ्या विहिरी उथळ, वरच्या वाळूतल्या. आधी दुग्धालयाची विहीर तळाला गेली, मग पुलाजवळची. दवाखान्याच्या विहिरीतून गढूळ पाणी येऊ लागले. बारा खाटांचा तो दवाखाना टँकरवर चालू लागला. टँकर उशिरा आला की मेट्रन बाई दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. एकदा त्या उस्तादांचा गुडघा पाहायला घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाळंतिणीला आंघोळीला थांबा म्हणून सांगता येतं. बाळाला कसं सांगू?" शेवटी गावाच्या समितीने ठरवले की शनिवारच्या सभेत दवाखाना दोन तासांवरच्या शहरात हलवायचा ठराव घ्यायचा. गावाच्या तोंडचे पाणी पळाले.

उस्तादांची लेक मात्र हात टेकणारी नव्हती. तिला गावात सगळे ताई म्हणत. तिने महाविद्यालयात जमिनीचाच अभ्यास केला होता आणि बापाचे मशीनही पोटच्या पोरासारखे जपले होते. एका दुपारी तिने स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलावर गावाचा नकाशा पसरला आणि मला फळीवरून काढून शेजारी ठेवले. एका बाजूला आत्या भाजी चिरत होती. उस्ताद खिडकीपाशी बसले होते.

"बाबा, दुग्धालयापाशी खडक नऊ मीटरवर लागतो. शाळेपाशी वीसवर. या बाजूला पुलापाशी बारावर, पोस्टापाशी चोवीसवर. दोन्हीकडून लाँड्रीकडे खडक खाली उतरत येतो. तुम्ही म्हणता तिथे तो एक्केचाळीसवर आहे."

"आहे."

"असेलही. पण उतार इतका तीव्र आहे की तो तिथे थांबायला नको. आणखी खाली जायला हवा. मला वाटतं, आपल्या गावाखाली दरी आहे."

आत्याची सुरी थांबली. "दरी? मग आपण पडलो कसे नाही?"

ताई हसली. मित्रांनो, त्यानंतर तिने जे सांगितले ते मी तुम्हाला तसेच सांगते. मी ती जमीन पोटात बाळगली होती, पण तिचा अर्थ मलाही त्या दुपारीच कळला.

"आत्या, या टेबलाला मधोमध खोल खाच होती, आठवते? तू काय केलंस?"

"टेबल पुसताना पावाचा चुरा जाऊन बसायचा तिच्यात. मग वरून मेण भरलं आणि पॉलिश मारलं."

"आता खाच दिसते?"

"माझं काम आहे ते. दिसेल कशी?"

"तसंच झालंय. फार पूर्वी इथून एक नदी वाहायची. तिने हजारो वर्षं खडक कापत कापत खोल दरी केली. मग हवा गार होत गेली आणि उत्तरेकडून बर्फ सरकत आला. थोडाथोडका नाही, डोंगराएवढा जाड. त्याच्या पुढच्या कडेचं वितळलेलं पाणी आपल्याबरोबर गोटे आणि वाळू घेऊन आलं आणि दरीच्या तळाशी टाकत गेलं. तो तुझा चुरा. मग बर्फ त्यावरूनच पुढे गेला आणि जाताना खाली चिकणमाती थापत गेला. ते तुझं मेण. बर्फ कितीदा आला, कितीदा गेला. शेवटी वितळून गेला तेव्हा वर सगळं सपाट. नदीला जुनी वाट सापडेना, ती दुसरीकडून वाहू लागली. दरी तशीच खाली राहिली, भरलेली, बुजलेली. आणि तळाच्या त्या गोट्यांमधे पाणी असतं."

"म्हणजे मी हिमनदी झाले की!" आत्या म्हणाली.

"हो, आणि आवरायला निघालीस की तशीच. वाटेत येईल ते उचलायचं आणि कुठेतरी नेऊन टाकायचं."

उस्ताद हसले नाहीत. "सगळं खरं. पण एक्केचाळीसवर मी खडक ऐकलाय. माझा कान कधी चुकला नाही."

"तेच बघायचंय," ताई म्हणाली आणि तिने माझे झाकण उघडले. "पहिले आठ मीटर... बटणं?"

"चांगली आहेत ती. हात लावू नकोस," आत्या म्हणाली.

ताईने एकेक खण पाहिला. करडी माती, करडी माती. बेचाळिसाव्या खणापाशी तिचे बोट थांबले. तिने एक कपची उचलली, नखाने खरवडली. मग उठून आत्याची चहाची गाळणी घेतली, त्यात ती सगळी मूठ घातली आणि नळाखाली धरली.

"अगं, माझी गाळणी!"

करडे पाणी वाहून गेले आणि गाळणीत जे उरले ते गुलाबी होते. गुलाबी, मधे काळे ठिपके आणि साखरेसारखी चमक. तो पाटीचा दगड नव्हता. तो ग्रॅनाइट होता आणि त्या भागात ग्रॅनाइट कुठेच नाही. तो शेकडो कोसांवरून बर्फाने उचलून आणलेला एक धोंडा होता, खोलीएवढा असेल, जो मातीत रुतून बसला होता. उस्तादांचे मशीन त्याच्यावर जाऊन आदळले होते. कान खोटे बोलला नव्हता. दगड होताच. फक्त तो जमिनीचा तळ नव्हता.

मला फार लाज वाटली, मित्रांनो. ज्याने मला घडवले त्याची चूक मीच एकोणीस वर्षे सांभाळली आणि मीच ती उघडी पाडली. उस्तादांनी गाळणीत पाहिले. बराच वेळ पाहिले. मग काठी घेतली आणि बाहेर गेले. ताई त्यांच्या मागे गेली नाही. ती नुसती गाळणी हातात धरून उभी राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ती समितीकडे गेली. तिने बापाच्या चुकीचा उल्लेखही केला नाही, फक्त नकाशा दाखवला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "एक भोक. शनिवारच्या सभेपर्यंत. त्यानंतर तो विषय काढायचा नाही." ताईने कंबर कसली. सोमवारी सकाळी मशीन लाँड्रीच्या अंगणात उभे राहिले, जुन्या जागेपासून पाच पावलांवर; त्याहून लांब सरकायला अंगणात जागाच नव्हती. मला जवळच्या एका स्टुलावर ठेवले होते, जुन्या आणि नव्या नमुन्यांची गाठ घालायला. धुवायला पाण्याचे तीन ड्रम भरून ठेवले होते.

मंगळवार गेला, बुधवार गेला. तीच वाळू, तीच चिवट माती. गुरुवारी दुपारी एक्केचाळीस मीटरवर मशीन थरथरले. शुक्रवारी सकाळपर्यंत जेमतेम अर्धा मीटर सरकले. बिट बदलले, तेही बोथट झाले. ताईच्या नाकी नऊ आले. मशीनवरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. बातमी गावभर झाली. अध्यक्षबाई आल्या, मेट्रन बाई आल्या, लाँड्रीतली माणसे ओले हात पुसत कुंपणाशी उभी राहिली. आत्याच्या खांद्यावर हात ठेवून उस्तादही आले.

"ताई, पुरे आता," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, थकल्या होत्या. "उस्तादांनी एकोणीस वर्षांपूर्वी एक्केचाळीस सांगितलं, आज एक्केचाळीसच निघालं. उस्ताद, मानलं तुमच्या कानाला. तुमचंच बरोबर होतं."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. उस्तादांना नुसती मान हलवून घरी जाता आले असते. त्यांचा शब्द राहिला असता, नाव राहिले असते. ताई त्यांच्याकडे पाहत होती. तिने तोंड उघडले नाही. बापाला सगळ्यांसमोर खोटे पाडणे तिला जमणारे नव्हते.

उस्ताद काठी टेकत माझ्यापाशी आले. त्यांनी बेचाळिसाव्या खणातल्या धुतलेल्या कपच्या तळहातावर घेतल्या आणि अध्यक्षबाईंसमोर धरल्या.

"माझं बरोबर नव्हतं," ते म्हणाले. "हा आपला दगड नाही. बर्फाने आणलेला धोंडा आहे हा. त्या दिवशी ड्रममधलं पाणी संपलं होतं. नळ तिथे आहे, तो बघा. पन्नास पावलं. मी गेलो नाही. न धुताच खडक म्हणून लिहिलं. माझ्यामुळे गाव एकोणीस वर्षं वरच्या वाळूतलं पाणी पीत बसलं. दोष माझा आहे, लेकीचा नाही. तिला उद्यापर्यंतचा वेळ दिलाय तुम्ही. तो तिला पुरा द्या."

मग मेट्रन बाई अध्यक्षबाईंना म्हणाल्या, "सभा उद्या आहे ना? मग आज आपलं इथे काय काम?" आणि कुंपणाशी जाऊन मशीनकडे चक्क पाठ फिरवून उभ्या राहिल्या, जणू बघणाऱ्यांना हाकलायलाच.

उस्ताद लेकीला म्हणाले, "जोर लावू नकोस. वेग कमी कर, पाणी वाढव. धोंडा आहे, संपेल."

बापलेक दिवसभर त्या धोंड्याशी झुंजले. त्यांनी तिसरे बिट लावले. बेचाळीस झाले, त्रेचाळीस झाले. उन्हे कलली तेव्हा चव्वेचाळीस मीटरवर रॉड एकदम हातभर खाली गेला आणि मशीन हलके चालू लागले. ताईने चाळणी धरली, धुतली. करडी चिकणमाती. धोंडा मागे राहिला होता. आत्या ओरडली, "अगं बाई, मेण लागलं!" आणि मशीनवरच्या माणसांना कळेना की ही काय म्हणते आहे.

त्या रात्री मशीन थांबवलेच नाही, आणि शनिवारी सकाळी त्रेसष्ट मीटरवर चाळणीत गोटे आले. गुळगुळीत, गोल, नदीने घासलेले. सूर्य पाहून त्यांना किती हजार वर्षे झाली असतील कोण जाणे. मग वाळू, मग पुन्हा गोटे. शहाऐंशी मीटरवर मशीन पुन्हा थरथरले. तोवर पाणी नळीतून वर चढले होते. माणसे ओरडत होती, कुणी टोपी उडवली, मेट्रन बाई रुमालाने डोळे पुसत होत्या. मशीनवाल्याने इंजिन बंद करायला हात पुढे केला.

"थांब!" उस्ताद ओरडले. "पाच मीटर आणखी. आणि प्रत्येक मीटर धुवायचा."

"बाबा, पाणी लागलंय," ताई म्हणाली.

"पाणी लागलंय. तळ लागलाय का?"

पाच मीटर आणखी खोदले. पाचही नमुने उस्तादांनी स्वतः धुतले, गुडघे दुखत असताना ड्रमपाशी खाली बसून. करडा, थरांचा, पाटीचा दगड. प्रत्येक वेळी तोच. पाचवा धुऊन झाल्यावर त्यांनी हातोडीचा दांडा कानाला लावला नाही. कपची लेकीच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "तू सांग."

"खडक," ताई म्हणाली.

"लिही मग."

संध्याकाळी समितीची सभा झाली. दवाखान्याचा ठराव कुणी वाचलाही नाही.

आता मी दवाखान्याजवळच्या नव्या पंपघरात एका टेबलावर असते. मशीनचे काम शिकायला नवी माणसे येतात तेव्हा उस्ताद मला उघडतात. ताई म्हणाली होती, "बाबा, तो खण रिकामा करूया का?" उस्तादांनी साफ नाही म्हटले. उलट त्या खणाच्या कडेला त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली: चूक. नमुना धुतला नव्हता. खाली आपले पूर्ण नाव लिहिले. नवी माणसे ती वाचतात, आणि मग उस्ताद त्यांच्या हातात चाळणी देतात.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरातही एखादी जुनी पेटी असेल, वही असेल, कागदांची पिशवी असेल. ती जपून ठेवा. तिच्यात कुणाच्या शाबासक्या असतील तर ठेवाच, पण कुणाची चूक असेल तर ती आणखी जपा. शाबासकी उद्या पुन्हा मिळते. चूक मात्र एकदा फेकली की ती कुठे झाली होती हे कुणालाच सांगता येत नाही. आणि ती चूक तुमच्या आवडत्या माणसाची असली, तर ती त्याच्यासमोर धुवायला घाबरू नका. माझे उस्ताद त्या दिवशी सगळ्या गावासमोर "माझं बरोबर नव्हतं" म्हणाले. त्यांना आता कानवाले कुणी म्हणत नाही. सकाळी दवाखान्याचा नळ सुटतो, आत कुणीतरी बाळाला आंघोळ घालते, बाळ रडते, आणि उस्ताद माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून दुसऱ्या दिवसासाठी चाळणी धुऊन ठेवतात.